तळमजल्यावरच्याने लिफ्टचे पैसे का भरायचे?

दहिसरमध्ये 'नाका' म्हटलं की कुठला, हे सांगावं लागत नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गावर मुंबई महापालिकेची हद्द जिथे संपते आणि मिरा-भाईंदरची सुरू होते, तोच तो. १ जुलै २०१७ला जीएसटी येईपर्यंत इथे जकात घेतली जायची आणि मालाचे ट्रक ताटकळत उभे असायचे. शहरात ५५ उड्डाणपूल बांधण्याचा कार्यक्रम १९९५नंतरच्या युती सरकारने हाती घेतला आणि त्याचा खर्च वसूल करायला २००२पासून मुंबईच्या पाच दारांवर टोल बसला. दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशी. म्हणजे आमचा नाका गेली अनेक वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न विचारत आलाय : तू या वाटेने जातोयस, मग तू काय देणार?

अलीकडे त्याचा सूर बदललाय. १४ ऑक्टोबर २०२४ला राज्य मंत्रिमंडळाने या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ केला आणि त्याच मध्यरात्रीपासून अंमलही सुरू झाला. दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. कारवाल्यांचे ४५ रुपये वाचले, अवजड वाहनांचा टोल चालू राहिला. पुढच्या वर्षी आणखी एक माफी आली. राज्याच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानुसार ऑगस्ट २०२५मध्ये अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्ग इलेक्ट्रिक कार आणि बससाठी टोलमुक्त झाले. मालवाहतूक करणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांना मात्र यातून वगळलं.

माफ हा शब्द मला विचित्र वाटतो. गुन्हा माफ होतो, कर्ज माफ होतं, फी माफ होते. प्रत्येक वेळी कुणीतरी देणं लागत असतो आणि कुणीतरी ते सोडून देत असतो. पण टोल माफ करणारं सरकार स्वतःच्या खिशातलं काही सोडत नाही. पाच नाक्यांच्या वसुलीचं कंत्राट २०१०मध्ये सुमारे २,१०० कोटी रुपये आगाऊ घेऊन १६ वर्षांसाठी दिलेलं होतं. मधेच कार फुकट सोडल्या, तर कंत्राटदाराची भरपाई कशी होणार? एकतर तिजोरीतून पैसे देऊन, नाहीतर उरलेल्यांकडून जास्त काळ वसुली करून. तिसरा मार्ग नाही. म्हणून टोलमाफी ऐकली की मी एकच प्रश्न विचारतो : ज्याला माफ झालं तो कळला, आता ज्याच्यावर चढलं तो कोण?

तीन तराजू

रस्त्याचे पैसे कुणी द्यावेत, याची तीन उत्तरं माणसं फार जुन्या काळापासून देत आली आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात वरच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं परंपरा सांगते. हे पहिलं उत्तर : जो वापरतो तो भरतो.

दुसरं उत्तर : जो रस्ता खराब करतो तो भरतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक सतत फिरवून रस्ता किती झिजतो हे मोजलं गेलं. त्यातून निघालेला ठोकताळा आजही इंजिनिअर वापरतात. एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. वजन दहापट झालं तर झीज दहा हजारपट. या तराजूत कार जवळपास वजनशून्य आहे. इलेक्ट्रिक कार बॅटरीमुळे वीस टक्के जड आहे असं धरलं, तर तिची झीज दुपटीच्या आसपास जाईल. पण नगण्याच्या दुप्पट म्हणजेही नगण्यच. रस्ता खचतो तो ट्रकमुळे.

तिसरं उत्तर : ज्याची ऐपत आहे तो भरतो. बाजारपेठेचा मोठा पुरस्कर्ता म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, त्या अॅडम स्मिथने १७७६च्या ग्रंथात टोलवर लिहिलंय. गाडीच्या वजनाप्रमाणे टोल असावा, हे त्याला मान्य होतं. पण चैनीच्या बग्ग्यांना वजनाच्या प्रमाणापेक्षा जास्त टोल लावावा आणि गरजेचा माल नेणाऱ्या गाड्यांना कमी, असंही त्याने सुचवलं. मालावरचा टोल शेवटी माल विकत घेणाऱ्याच्या माथी बसतो आणि बग्गीवरचा टोल बग्गीत बसलेल्याच्या, हे त्याने ओळखलं होतं.

आता आपला आजचा नियम या तिन्ही तराजूंत घालून पाहा. अटल सेतूवरून एक पेट्रोल कार आणि एक इलेक्ट्रिक कार पाठोपाठ जातात. वापर सारखाच, झीज जवळपास सारखी. ऐपतीचं म्हणाल, तर नवी इलेक्ट्रिक कार स्वस्तातली घेतली तरी सात-आठ लाखांच्या घरात जाते आणि महागडीला वरची मर्यादा नाही. तरी पेट्रोलवाला एका फेरीचे २५० रुपये देतो आणि इलेक्ट्रिकवाला काहीच देत नाही. तिन्ही तराजूंत न बसणारी गोष्ट सरकारने केलीय. म्हणून ती चूक ठरते असं नाही, पण तिला चौथं कारण लागतं. सरकार ते देतंसुद्धा : हे बक्षीस आहे. लोकांनी धूर सोडणाऱ्या गाड्या सोडाव्यात म्हणून दिलेलं.

स्कूटर आणि एसयूव्ही

बक्षिसाकडे वळण्याआधी एक छोटा हिशेब. माझ्याकडे कार नाही, एक जुनी पेट्रोलची स्कूटर आहे. स्कूटरला टोल नसतो, म्हणून मी रस्त्यासाठी काही देत नाही असा समज होऊ शकतो. पण पेट्रोलच्या प्रत्येक लिटरवर केंद्राचा रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर असतो, वर अबकारी कर आणि राज्याचा व्हॅट असतो. रोज शे-दीडशे किलोमीटर फिरणारा कुरिअरवाला मुलगा पंपावर दर वेळी रस्त्याची वर्गणी देत असतो. इलेक्ट्रिक एसयूव्ही ती वर्गणी देत नाही, कारण ती पंपावर जातच नाही. तिला विकत घेताना जीएसटी पाच टक्के, राज्याचा मोटार वाहन कर माफ. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात आला होता. तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला.

म्हणजे आज कुरिअरवाल्याची स्कूटर रस्त्याच्या निधीत काही टाकते आणि ती एसयूव्ही काहीच टाकत नाही. हे कुणी दुष्टपणे ठरवलेलं नाही. एकेक सवलत वेगवेगळ्या टेबलावर, वेगवेगळ्या चांगल्या हेतूने दिली गेली. सगळ्या एकत्र मांडल्या की चित्र असं दिसतं. जोतीराव फुल्यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच प्रकारचा हिशेब मांडला होता : सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यावर उभ्या राहिलेल्या शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, या दोन ओळी शेजारी शेजारी लिहिण्याची सवय त्यांनी मराठी माणसाला लावायचा प्रयत्न केला. ती सवय आपल्याला पुरती लागली नाही.

आमच्या सोसायटीतली सभा

हे सगळं मला कागदावरच वाटत राहिलं असतं, पण हाच प्रश्न आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आला. सात मजले, बेचाळीस घरं, चौदा पार्किंग. दोन इलेक्ट्रिक कार आल्यात, तीन स्कूटर आल्यात. चार्जिंगसाठी केबल ओढायची, पॅनल बसवायचं, विजेचा मंजूर भार वाढवून घ्यायचा. खर्च लाखाच्या वर. तो कुणी करायचा? मी कमिटीवर आहे, त्यामुळे मला मत द्यायचंय आणि त्याआधी मत बनवायचंय.

सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल हा न्यायशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे, हे मला त्या सभेत कळलं. आदर्श उपविधी काढून बघा. पार्किंगचे पैसे वापरणाऱ्याने द्यायचे. पाण्याचे पैसे घरातल्या नळांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार. सिंकिंग फंड घराच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात. आणि लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्यांनी समान, लिफ्ट वापरा नाहीतर वापरू नका. एकाच बिलात चार वेगवेगळे तराजू, आणि आपण दर महिन्याला न भांडता ते भरतो.

सभेत एकाने लिफ्टचाच दाखला दिला. "लिफ्ट जशी सगळ्यांची, तसा चार्जर सगळ्यांचा. आज माझ्याकडे इलेक्ट्रिक आहे, उद्या तुमच्याकडे येईल." त्यावर तळमजल्यावरच्या आजी उठल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, घरात एकट्या. म्हणाल्या, "एकवीस वर्षं मी लिफ्टचे पैसे भरतेय. माझं दार जमिनीला लागून, तरी भरतेय. कधी कुरकुर केली? लिफ्ट बंद पडली तर वरच्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेता येणार नाही, ते मला कळतं. तुमचा चार्जर बंद पडला तर कुणाचं काय अडेल, तेवढं सांगा. पटलं की भरते."

कुणीतरी हसलं, कुणीतरी 'पुढचा विषय' म्हणालं. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पण आजींनी जे मागितलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यांनी सूट मागितली नव्हती, कारण मागितलं होतं. दुसऱ्याचं ओझं उचलायला त्या तयार होत्या. आपण ते का उचलायचं, हे कुणीतरी आपल्याला समोर बसून सांगावं, एवढीच त्यांची अट होती. माझ्या मते सार्वजनिक पैशाच्या बाबतीत नीतीचा पहिला नियम हाच असावा. सगळ्यांनी सारखं भरावं असा हट्ट नको, पण ज्याला जास्त भरावं लागतंय त्याला पटेल असं कारण तरी द्यावं.

नाक्यावरच्या ट्रकवाल्याला हे कारण कुणी दिलंय? आणि ट्रकवाला तर फक्त मधला माणूस. तो भरतो ते भाड्यात चढतं, भाड्यातून कांद्यात, दुधात, सिमेंटच्या गोणीत. आमच्या केतकीपाड्यात राहणारी बाई आयुष्यात कधी कारने नाका ओलांडत नाही. ती लोकलने जाते, पायी जाते. पण भाजी घेताना नाक्याचा तिचा वाटा तिने दिलेला असतो. ट्रकने रस्ता झिजतो हे खरं, त्यामुळे ट्रककडून टोल घेणं अन्याय नाही. गैर एवढंच की कारचा वाटा काढून घेतला आणि तो कुठे ठेवला हे तिला कुणी सांगितलं नाही.

धुराचा भाव

मग आजींना काय सांगायचं? एक चांगलं कारण आहे. आजींची खिडकी पार्किंगमध्ये उघडते. सकाळी सात ते नऊ चौदा गाड्या सुरू होतात, त्यातला धूर सर्वांत आधी त्यांच्या घरात जातो. गाड्या इलेक्ट्रिक झाल्या तर सातव्या मजल्यावरच्यापेक्षा आजींचाच फायदा जास्त. तसंच नाक्यावर. तिथे रांगेत चिक्की आणि पाण्याच्या बाटल्या विकणारी मुलं, बूथमधले कर्मचारी, वाहतूक पोलीस दिवसभर तो धूर घेतात. कार त्यांच्यापुढून दोन मिनिटांत निघून जाते.

हे कारण पहिल्यांदा मला पुरेसं वाटलं. मग त्यातली गोम दिसली. आजींच्या घरात धूर जाणार नाही, हा आजींना मिळालेला फायदा कसा? तो मुळात जायलाच नको होता. एखादा माणूस रोज माझ्या दारात कचरा टाकत असेल आणि म्हणाला, 'मी टाकणं बंद करतो, डबा घ्यायला पैसे द्या', तर मी देईनही, वैतागून देईन. पण त्याला फायद्यातली माझी भागीदारी म्हणणार नाही. स्वच्छ गाडीला बक्षीस द्यायचंच असेल, तर ते धूर सोडणाऱ्याच्या खिशातून यायला हवं. धूर खाणाऱ्याच्या खिशातून नको. आपल्याकडे उलट होतं, कारण माफी जाहीर करायला टाळ्या मिळतात आणि नवा कर लावायला शिव्या.

शिवाय बक्षीस पुरतं निशाण्यावरही नाही. रोज सर्वांत जास्त किलोमीटर पळणारी आणि डिझेल जाळणारी गाडी कोणती? मालाची. इलेक्ट्रिक झाली तर सर्वांत जास्त धूर जिचा वाचेल, ती गाडी टोलमाफीतून वगळलेली आणि वर्षभर पार्किंगमध्ये उभी राहून शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाणारी माफीत बसलेली. बसला माफी मिळाली हे चांगलं झालं. एसटीची पहिली बस १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि त्याच तारखेला, त्याच मार्गावर २०२२मध्ये इलेक्ट्रिक 'शिवाई' सुरू झाली. त्या बसच्या चाळीसेक प्रवाशांना मिळालेली सवलत आणि एका माणसाच्या कारला मिळालेली सवलत एकाच ओळीत लिहिली जावी, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट आजींपासून लपवता येणार नाही. इथून धूर गेला म्हणजे तो नाहीसा झाला असं नाही. मुंबई उपनगरांना वीज पुरवणारं एक औष्णिक केंद्र डहाणूला आहे, ५०० मेगावॅटचं, कोळशावर चालणारं. नाक्यापासून याच महामार्गाने सरळ उत्तरेला जा, वसईची खाडी ओलांडा, चारोटीवरून डावीकडे वळा, की डहाणू. चिकूच्या वाड्यांचा, वारली पाड्यांचा तालुका. तिथल्या लोकांनी आणि पर्यावरणवाद्यांनी दिलेल्या लढ्यातून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १९९६मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमलं गेलं. त्यांच्या पाठपुराव्याने त्या केंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. आता उपनगरांच्या विजेत सूर्याची आणि वाऱ्याची वीजही मिसळते आणि सगळा हिशेब केला तर इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा बरीच ठरते, हे मला मान्य आहे. पण 'शून्य प्रदूषण' असा स्टिकर मागच्या काचेवर लावताना शून्याचा एक तुकडा डहाणूत पडतो, हे लक्षात ठेवायला हवं. तिथला चिकूवाला आमच्या सभेला येऊ शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला हवं.

नळावरची रांग

चार्जिंगचा प्रश्न पैशापुरता नाही, वेळेचाही आहे. पेट्रोल भरायला पाच मिनिटं लागतात, त्यामुळे पंपावर नीतिमत्तेची परीक्षा होत नाही. हायवेवरच्या चार्जरवर गाडी अर्धा तास, पाऊण तास उभी राहते. आणि फास्ट चार्जिंगमध्ये बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते, पुढचे वीस टक्के रखडत रखडत. माझ्या शेवटच्या वीस टक्क्यांसाठी जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मागे उभा असलेला माणूस घरी पोहोचण्यापुरती बॅटरी भरून घेऊ शकतो. चार्जर एक, गाड्या चार, आणि पहिल्या गाडीचा मालक ९४ टक्क्यांवर लावून मिसळ खायला गेलेला. त्याने पैसे भरलेत, नंबर त्याचा आहे, नियम त्याच्या बाजूने आहेत. तो चुकतोय का?

मला वाटतं, चुकतोय. आणि हे समजायला नवं शास्त्र लागत नाही. चाळीत सार्वजनिक नळावर वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा. नळाला पाणी तासभर. तुझा नंबर पहिला म्हणून तू पिंप, टाकी आणि फुलझाडांची बादलीही भरत बसणार नाहीस. पिण्याचा हंडा सगळ्यांचा आधी. ज्याच्या घरी लहान मूल त्याला पुढे जाऊ द्यायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि मोडलं तर अख्खी चाळ बोलायची. सरकारी धोरण महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंग देण्याचं म्हणतंय. ते होईल तेव्हा होईल. पण ऐंशी टक्क्यांना गाडी काढायची, हा कायदा आपण आजच आपल्यावर लावून घेऊ शकतो.

आणि चार्जर कुणापर्यंत पोहोचतो, हाही प्रश्न आहेच. ज्याच्या सोसायटीत स्वतःचं पार्किंग, तो रात्री घरगुती दराने गाडी चार्ज करतो. त्या विजेवर जीएसटी नाही. ज्याचं घर चाळीत, झोपडपट्टीत किंवा पार्किंग नसलेल्या पुनर्वसन इमारतीत, त्याने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तर त्याला सार्वजनिक चार्जरवर जावं लागतं. तिथे दर जास्त, वर १८ टक्के जीएसटी. आमच्या वॉचमनचा मुलगा भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर जेवण पोहोचवतो. तो दिवसातून दोनदा धंद्याचा वेळ मोडून बॅटरी बदलून आणतो. त्याच्या बापाच्या खुर्चीपासून दहा पावलांवर सोसायटीचा चार्जर असेल आणि तो त्याला वापरता येणार नाही.

१९२३मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवल्या जाणाऱ्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांवर, शाळांवर अस्पृश्यांना मज्जाव नसावा. कागदावरचा तो हक्क बजावायला २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. टोल आणि चार्जर यांची त्या अन्यायाशी तुलना होऊच शकत नाही. पण त्या ठरावातलं तत्त्व मला प्रत्येक सार्वजनिक गोष्टीला लागू वाटतं : पैसा सगळ्यांचा असेल, तर दारही सगळ्यांना उघडं हवं.

बक्षिसाचं वतन होऊ नये

मी बक्षिसाच्या विरोधात नाही. नॉर्वेने १९९७पासून इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला, तेव्हा रस्त्यावर अशा गाड्या मोजक्याच होत्या. २०२४मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या कारपैकी जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या. बक्षिसाने काम केलं. आणि काम झाल्यावर त्यांनी ते कमी करायला घेतलं. आता तिथे इलेक्ट्रिक गाड्यांनाही टोलचा काही वाटा द्यावा लागतो. लंडननेही शहराच्या मध्यभागी शिरण्याच्या शुल्कातून इलेक्ट्रिक गाड्यांना दिलेली पूर्ण सूट डिसेंबर २०२५मध्ये संपवली. कुणी याला विश्वासघात म्हटलं, पण बक्षिसाला मुदत असतेच.

आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. आपल्याकडे वतन आणि इनाम यांचा इतिहास आहे. कुणी लढाईत कामगिरी केली, कुणी गाव वसवलं, म्हणून जमीन मिळाली. कामगिरी करणारा गेला, गरज संपली, इनाम मात्र पिढ्यान् पिढ्या चालू राहिलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांबद्दल राजाला सावध करणारं प्रकरण आहे ते उगाच नाही. मिळालेली सवलत चार वर्षांत हक्क वाटू लागते आणि ती काढून घेणारा शत्रू.

राज्याच्या धोरणाची मुदत मार्च २०३०पर्यंत आहे. ही त्यातली चांगली गोष्ट. खरी परीक्षा त्या तारखेला होईल. तेव्हा इलेक्ट्रिक कारवाले संख्येने वाढलेले असतील आणि आवाजाने मोठे असतील. दहिसरच्या ४५ रुपयांचं आपण पाहिलंच आहे. २०२५मध्ये हा नाका पुढे सरकवायची चर्चा झाली, कारण मिरा-भाईंदरच्या लोकांना तो दारात नको होता. लगेच वसई-विरारकडून विरोध आला, कारण तो त्यांच्या दारात येणार होता. नाका कुणालाच नको असतो. रस्ता सगळ्यांना हवा असतो.

आमची सभा पुढच्या महिन्यात आहे. मी मांडणार असलेला प्रस्ताव असा. केबल आणि पॅनलचा खर्च सोसायटीच्या निधीतून उसना घ्यायचा, कारण ते भिंतीत राहणार आणि उद्याच्या भाडेकरूलाही उपयोगी पडणार. चार्ज करणाऱ्याला वेगळा मीटर आणि प्रत्येक युनिटमागे थोडा जादा दर, जेणेकरून पाच वर्षांत निधी भरून निघेल. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचं पार्किंग शुल्क थोडं वाढवायचं आणि ते पैसे आधी तळमजल्याच्या बाजूला झाडांची आडभिंत करायला वापरायचे. गेटजवळ एक साधा पॉइंट वॉचमनच्या मुलासारख्यांसाठी, युनिटच्या भावाने, नफा न घेता. आणि ठरावाच्या शेवटी एक तारीख, जिच्यानंतर हे सगळं पुन्हा तपासायचं.

सभेच्या आधी मी हा कागद घेऊन आजींकडे जाणार आहे. त्यांना एक रुपयाही भरावा लागणार नाही हे सांगायला नव्हे, कारण निधीत त्यांचेही पैसे आहेत आणि पाच वर्षं ते दुसऱ्याच्या गाडीखाली अडकणार आहेत. ते का अडकवायचे, हे त्यांना सांगायला जायचंय. त्यांना पटलं नाही, तर कागद बदलावा लागेल.